पाणवहीतला र

१

मंगळवार, ११ नोव्हेंबर. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पनवेलला, वडाळे तळ्यामागच्या खाडीकाठ मंच या संस्थेच्या कार्यालयात लोखंडी कपाट उघडलं. वही आत नव्हती.

कुलूप शाबूत होतं. वही ज्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत असायची, ती पिशवी नीट घडी घालून खालच्या कप्प्यात ठेवलेली होती. चोराला घाई नव्हती, एवढं सायरा मुकादमच्या तेव्हाच लक्षात आलं.

सायरा चोर पकडायला आलेली नव्हती. पनवेलच्या कोर्टासमोर तिचं भाषांतराचं छोटं दुकान होतं. बावीस वर्षांत तिने एकदाही अस्सल कागद पाहिल्याशिवाय भाषांतरावर शिक्का मारला नव्हता. मंचाने तिला टाइप केलेली नक्कल दिली, तिने तिचं इंग्रजी केलं, आणि सांगून ठेवलं होतं : मंगळवारी दुपारी बाराला येईन, वही डोळ्यांनी बघेन, मगच शिक्का.

वही डोणखार गावची. खाडीच्या बांधाचा राखणदार भगवान मोकल दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, उघाडीजवळच्या खांबावर पाणी कुठवर चढलं ते तिच्यात लिहायचा. उघाडी म्हणजे बांधातली झडप. ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडणारी. भगवान गेल्यावर त्याचा मुलगा विठू लिहू लागला. एकतीस वर्षांचं पाणी त्या एका वहीत होतं. गावात तिला पाणवही म्हणत.

तिकडे ब्राझीलमध्ये, बेलेमला, जगातल्या देशांची हवामान परिषद आदल्याच दिवशी सुरू झाली होती. कोणी किती धूर ओकला आणि त्यापायी कोणाचं काय बुडालं, यावर तिथे शब्दाशब्दाची घासाघीस चालते. पुढच्या सोमवारी तिथल्या एका सत्रात पाणवही मांडायची होती. ती घेऊन मंचाचा प्रमुख केतन घरत या मंगळवारीच निघायचा होता. संध्याकाळी सहाला विमानतळाची गाडी येणार होती.

"निकेशचंच काम," केतन म्हणाला. तो डोणखारचाच, चाळिशीचा, बोलण्यात शहरी झालेला. "सकाळी साडेदहाला आला होता इथे. सायराआपा, तुम्ही नकलेवरच शिक्का मारा. आता दुसरा इलाज नाही."

"चाव्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक दिपिकाकडे."

दाराबाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. भगवानची बायको, विठूची आई, कमळाबाई. सहा वर्षांपूर्वी बांध गेला, त्याच आठवड्यात विठू घरातून निघून गेला, तो गेलाच. कमळाबाईने वही दिली ती एका अटीवर : तिच्यात जे जे लिहिलंय ते कोणीतरी मला वाचून दाखवायचं. तिला स्वतःला अक्षर ओळखत नव्हतं.

"सायरे," ती म्हणाली, "चोराचा नंतर बगा. माज्या इठून काय लिवलाय, ता आज वाचून दावनार व्हतीस ना?"

सायराने दिपिकाकडे पाहिलं. नक्कल त्या मुलीने केली होती. दिपिकाने मान खाली घातली.

२

"तू त्यांना वाचून दाखवलं नाहीस," तळ्याच्या कठड्याशी येऊन सायरा म्हणाली.

दिपिका मूळची नगरची, कामोठ्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. वर्षभर मंचात नोकरी. "पाणी वाचून दाखवलं, मॅडम. सगळे आकडे. शेवटचं नाही. केतनसर म्हणाले, ते नको."

"शेवटचं म्हणजे?"

"मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला विठूने लिहिलंय. तुम्हाला दिलेल्या नकलेत आहे की. 'आई, मी वाऱ्यावर चाललो.'" ती तळ्याकडे वळली. "जीवच दिला असणार ना त्याने? मी कुठल्या तोंडाने वाचू?"

"सर काय म्हणाले?"

"त्यांनी माझी नक्कल वाचली, शेवटचं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, काकूंना जगू दे."

"वही त्यांनी पाहिली होती?"

"तेव्हा नाही. बहुतेक काल पहिल्यांदा, बॅग भरताना."

सायराने तिला मोबाइलमधले फोटो दाखवायला सांगितले. दिपिका ओशाळली. गावात पावसात घाईघाईने काढलेले फोटो. नक्कल पुढे खोलीवर बसून त्यांच्यावरूनच केलेली. "शुद्धलेखन फार कच्चं आहे हो त्याचं. मी सगळं सुधारून घेतलं."

पुठ्ठ्याचा फोटो एकच होता. वही उघडी धरणारा दिपिकाचा अंगठा एका ओळीवर आला होता. सायराने चष्मा पुसला आणि अक्षर अक्षर लावत वाचलं :

*श्रावण शुद्ध ३. उघाडी बसली. गावान पानी. ओटीला मी निके*

इथे अंगठा. मग पुढे :

*बांद फोरला. भरतीच्या आत बांदायचा व्हता. पानी लवकर आला. खांब बुरला. पंचनाम्यान सही नाय केली. आय मी वाऱ्याला चाल्लो.*

"अंगठ्याखाली काय होतं?"

"मी वही हातात घेऊन वाचलीच नाही ना. म्हणून नकलेत 'अस्पष्ट' लिहिलं. हा फोटो सरांनाही दाखवला नाही, लाज वाटली." दिपिकाने स्क्रीनवर बोट ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं. "मॅडम. 'मी निके'. निकेश! आणि सकाळी तोच आला होता."

३

निकेश म्हात्रे डोणखारचा माजी सरपंच. न्हावा शेव्याच्या रस्त्याला त्याचं ट्रेलर उभे करायचं आवार होतं आणि आवाराच्या तोंडाशी पत्र्याचं ऑफिस. सायरा पोहोचली तेव्हा सव्वादोन झाले होते. कंटेनरच्या रांगेने अर्धा तास खाल्ला होता.

"या मॅडम. गिऱ्हाईक म्हणून आलात की पोलीस म्हणून? चहाला साखर त्यावर ठरेल."

"बिनसाखरेचाच सांगा."

निकेश मोकळेपणाने हसला. वही गेल्याचं त्याला कळलं होतं. केतनने फोन करून शिव्या घातल्या होत्या. "वही मला कशाला? मला बांधाआतली खाजणाची जमीन पायजे, तिचं रडगाणं नको. सकाळी गेलो होतो ते कमळाकाकीच्या तुकड्यासाठी. केतनला म्हटलं, तू सांग तिला, भाताचा एक दाणा येत नाही तिथे, मीठ वर आलंय. भराव टाकू, ट्रेलर उभे राहतील. तो म्हणाला, काकीला त्रास देऊ नको. संपलं. कपाटाजवळसुद्धा गेलो नाही."

"बांध गेला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"अलिबागला, साखरपुड्याला. पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी आलो."

"कोण म्हणेल तसं?"

"साखरपुडा माझाच होता, मॅडम. बायको म्हणेल. दर वर्षी म्हणते." तो खो-खो हसला. समोरच्या आवारात एक ट्रेलर मागे घेताना किंचाळत होता. तो थांबल्यावर निकेशने आवाज खाली आणला.

"पंचनामा मात्र माझ्यासमोर झाला. सगळ्या गावाने सह्या केल्या. एकटा विठू अडून बसला. मी म्हटलं, अरे बाबा, राखणदार तू, तुझी सही नसेल तर गावाला मदत मिळायची नाही. एका शब्दाने काय बिघडतंय तुझं? तर म्हणाला, बापाने जन्मभर पाण्याला खोटं लिहिलं नाही. सही न करता उठला. गाव त्याच्याशी बोलेना. मीही बोललो नाही." त्याने कप खाली ठेवला. "एका शब्दावरून घर सोडलं त्याने."

"कुठला शब्द?"

"मी जागेवर नव्हतो, मॅडम. जे होते त्यांना विचारा."

"कोण होते?"

"ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही."

४

साडेतीनला सायरा आपल्या दुकानात येऊन बसली. एका बाजूला दिपिकाची नक्कल, दुसऱ्या बाजूला मोठे करून छापलेले फोटो.

तिला शांती आठवली. लहानपणी चिरनेरला शेजारी राहायची, दोघी एकाच बाकावर. शांती घोड्याला घोरा म्हणायची, गाडीला गारी. सायरा वर्गात पहिली येणारी. ती दर वेळी सगळ्यांसमोर सुधारायची. "घोरा नाही गं, घोडा." पोरी हसायच्या. शांती हळूहळू तिच्यासमोर कमी बोलू लागली, मग बोलेनाशी झाली. पुढे लग्न होऊन कुठे गेली ते सायराला कधी कळलं नाही. पन्नाशी उलटल्यावरही एखादं घोड्याचं चित्र दिसलं की तिला तो र ऐकू यायचा आणि पुन्हा एकदा ऐकावासा वाटायचा.

तिने पेन्सिल घेतली. *खांब बुरला.* दिपिकाने नकलेत लिहिलं होतं, 'खांब बुडाला'. बरोबर. इथे र म्हणजे ड, हे संदर्भावरून तिला उमगलं होतं. मग *बांद फोरला*? दिपिकाने लिहिलं होतं, 'बांध फुटला'. भल्या मनाने. बांध फुटतात, कोणी स्वतःचा बांध फोडत नाही, असं नगरच्या मुलीला वाटणारच.

पण विठूने फुटला लिहिलंच नव्हतं. फोडला, असं लिहिलं होतं.

सायराने मागची पानं काढली. आषाढ १९८९ : *बांद फोरला. चार तासान बांदला.* श्रावण १९९७ : *फोरला. चार तासान बांदला.* २००५, भगवानच्याच हातचं : *फोरला. पाच तासान बांदला.* एकूण पाच वेळा. नकलेत पाचही ठिकाणी 'फुटला'. नक्कल वाचणाऱ्याला वाटावं, या गावचा बांधच कच्चा, दर काही वर्षांनी आपसूक कोसळणारा. आणि अस्सल वही सांगत होती, की उघाडी अडली आणि पावसाचं पाणी गावात कोंडलं की ही माणसं ओहोटी साधून आपल्या हाताने बांध फोडायची, गाव रिकामं करायची आणि भरती यायच्या आत सगळं गाव चिखलात उतरून तो पुन्हा बांधायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सहाव्या खेपेला समुद्राने बांधायला वेळ दिला नाही. *पानी लवकर आला.* तेव्हापासून गावात प्रत्येक उधाण खांबाच्या वर चढतं.

पंचनाम्यातला शब्द कळला. आता नाव.

*मी निके.* गावात फावडं एकटा माणूस मारू शकतो, पण बांध फोडायला दोघं लागतात. एक माती ओढतो, दुसरा पाणी राखतो. म्हणजे विठूबरोबर आणखी एक होता. तो निकेश असता तर विठूने लिहिलं असतं, 'मी नि निकेश'. दोन नि. फोटोत नि एकच होता, आणि तो नावातला नव्हता. तो 'आणि' होता, पुढच्या शब्दाला चिकटून लिहिलेला.

मी नि के.

सायराने घड्याळ पाहिलं. चार पन्नास. तिने पर्स उचलली आणि मग पुन्हा खाली बसली, कारण शेवटच्या ओळीतही एक र होता आणि तो तिने अजून वाचलाच नव्हता.

५

केतन कार्यालयात एकटा होता. बॅगेची चेन लावून तयार.

"शिक्का आणलात, आपा?"

"आणलाय. आधी एक सांग. तुझ्या घरी घोड्याला काय म्हणतात?"

केतन हसला. "काय हो आपा. घोरा म्हणतात. माझी आजी तर..." तो थांबला. हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

"आणि फोडलाला?"

तो खुर्चीवर बसला. बाहेर तळ्याकाठी भेळवाल्याची घंटी वाजत होती.

"चाव्या दोन," सायरा म्हणाली. "दिपिकाला वही लपवायची असती तर तिने मला फोटो दाखवले नसते. मी बाराला येणार, अस्सल बघणार, हे तुम्हा दोघांनाच माहीत होतं. निकेशला नाही. आणि पुठ्ठ्यावर मी नि केतन लिहिलंय."

केतनने चेन उघडली. दोन शर्टांच्या मध्ये वही होती.

"फेकून देणार होतास?"

"नाही. ते नसतं जमलं. नेणार होतो नि परत आणणार होतो. कुणाला दाखवणार तेवढी नव्हतो." त्याने वही टेबलावर ठेवली. "फावडं माझ्या हातात होतं आपा. इठू पाणी बघत होता. म्हणाला, चार तास हायेत. खांबावरचा हिशोब त्याच्या बापाचा, कधी चुकला नव्हता. तीन तासांत पाणी आलं. दोनशे एकर भात आमच्या डोळ्यांसमोर खारं झालं. दुसऱ्या दिवशी तलाठी आला. फोडला म्हटलं असतं तर मदत नाही, वर गुन्हा. गावाने ठरवलं, फुटला. मी सही केली. इठूने नाय केली." तो घरच्या बोलीवर कधी आला ते त्यालाही कळलं नसावं. "त्यान माजा नाव पन कुनाला सांगला नाय. मला वाटला, कुठंच सांगला नसंल. काल पुठ्ठा उलटला."

"आणि शेवटची ओळ?"

केतनने वही तिच्याकडे सरकवली.

"दिपिकाला वाटलं पोराने जीव दिला. तिला तुमची बोली येत नाही. तुला येते."

"काल वाचली, तवाच कळली," केतन म्हणाला. "पन इठू आला, की सगला वर येनार. मंच, परिषद, समदा. मी म्हटला, ब्राझीलवरून आलो, की सांगेन काकीला."

"सहा वर्षं ती वही तिच्या उशाशी होती, केतन."

दारात आवाज झाला. कमळाबाई सकाळपासून बाकावरून हललेली नव्हती. ती कधी उठून दारापर्यंत आली, ते दोघांनाही समजलं नव्हतं.

"वाच," ती म्हणाली.

६

सायराने वाचलं. या वेळी काहीही न सुधारता, जसं लिहिलं होतं तसं. *आय, मी वाऱ्याला चाल्लो.*

कमळाबाईला समजावून सांगावं लागलं नाही. वाडा तिच्या तोंडी जन्मभर वाराच होता. पालघरकडचं वाडा. गोड्या पाण्याच्या भाताचं गाव, गिरण्यांचं.

"वाऱ्याला गेलाय," ती म्हणाली. "मना सांगून गेलाय नि मना ठावं नाय." मग, "परत वाच, सायरे."

सायराने तीनदा वाचलं. केतन भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"काकी, वही तुमची हाय," तो शेवटी म्हणाला. "तुमी सांगाल तसा."

"फोरला तर फोरला सांग. तुज्या तोंडान सांग. त्यान लिवलाय तसा." तिने पदराने पुठ्ठा पुसला आणि वही त्याच्या हातात दिली. "वही ने. मना वारा पुरं."

पाच पंचावन्नला सायराने भाषांतरात सहा ठिकाणी 'फुटला'चं 'फोडला' केलं, 'अस्पष्ट'च्या जागी केतनचं नाव आणि वाऱ्याच्या जागी वाडा घातलं, अस्सलाशी ताडून पाहिलं आणि शिक्का मारला. आपल्यावर यापुढे गुन्हा दाखल होईल का, हे केतनने तिला विचारलं. तिला ते माहीत नव्हतं, आणि तिने तसंच सांगितलं. सहाला गाडी आली.

सोमवारी, १७ तारखेला, केतनने बेलेमच्या सत्रात सांगितलं : बांध आम्ही फोडला, आमच्या वाडवडिलांनीही फोडला, फरक एवढाच, की त्यांना तो पुन्हा बांधता आला. सभागृहात चाळीसएक माणसं होती, असं दिपिकाला आलेल्या निरोपात होतं. गावांनी स्वतः ठेवलेल्या नोंदी नुकसानीचा पुरावा धराव्यात, असं एक वाक्य त्यानंतर मसुद्यात आलं. ते चौकटी कंसात होतं. एकमत झालेलं नसतं, तो मजकूर तिथे कंसात ठेवतात.

सायरा आणि कमळाबाई तोवर दोनदा वाड्याला जाऊन आल्या होत्या. अकरा भातगिरण्या. एका गिरणीवाल्याने सांगितलं, असा एक माणूस दोन हंगाम होता. कमी बोलायचा, अमावास्येला सुट्टी मागायचा. नाव वेगळं सांगायचा. आता कुठे असतो, माहीत नाही.

तिसऱ्या खेपेचा दिवस कमळाबाईने ठरवला. "अवस झाल्यावं जाव. दुसऱ्या दिशी." कारण तिने सांगितलं नाही. सायराने विचारलंही नाही. विठू गेल्यापासून दर उधाणाला ही बाई बुडालेल्या खांबाशी होडीने जाते आणि त्याच्या डोक्यावर बांधलेल्या बांबूवर चुन्याचं बोट लावून येते, हे तिला दिपिकाने सांगितलं होतं. भगवानही आधी तसंच करायचा : आधी चुना, मग वहीत आकडा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता दोघी गिरण्यांकडे न जाता थेट वाड्याजवळच्या नदीच्या पुलाखाली उतरल्या. तिथे समुद्राची भरती पोहोचत नाही. तरीही पुलाच्या दुसऱ्या खांबावर, दगडाच्या खालच्या अंगाला, बोटभर रुंदीच्या पांढऱ्या खुणा होत्या. पावसाळ्यातल्या वर, पुसट झालेल्या. हिवाळ्यातल्या खाली, पाण्याजवळ. सायराने मोजल्या. एकोणचाळीस.

कमळाबाई गुडघाभर पाण्यात गेली आणि सगळ्यात खालच्या खुणेवर तिने बोट फिरवलं. बोट वर करून सायराला दाखवलं. चुना बोटाला लागला होता.

परिषद त्याच दिवशी संपायची होती. ती लांबल्याचं दुपारी दिपिकाने कळवलं; ते वाक्य तेव्हाही कंसातच होतं. कमळाबाईने वाड्यात, पूल दिसेल अशी एक खोली पाहिली आहे. पुढची पौर्णिमा ४ डिसेंबरला आहे.